अमेरिकेतली ॲम-केअर रेसिडेन्सी: ओपीडीत काम करू पाहणाऱ्या फार्मासिस्टसाठी पीजीवाय-२ ची वाट

"ताई, पीजीवाय-१ लागली. पुढे ॲम-केअरमध्ये पीजीवाय-२ करायचीय. तयारीला कधीपासून लागू?" पीजीवाय म्हणजे फार्मसीच्या पदवीनंतरच्या प्रशिक्षणाचं, रेसिडेन्सीचं, वर्ष; ॲम-केअर म्हणजे ओपीडीतल्या कामाची शाखा. दर जुलैत असे दोन-चार निरोप येतात आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: आजपासून. जुलैत रुजू झालेल्या रेसिडेंटला पुढच्या वर्षाचा अर्ज डिसेंबर-जानेवारीत भरावा लागतो. हॉस्पिटलची कॉम्प्युटर प्रणाली जेमतेम हाताखाली येते न येते, तोवर पुढच्या वर्षासाठी शिफारसपत्रं मागायची वेळ येते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मी महाराष्ट्रातून फार्म.डी. केलं, मग परदेशी पदवीधरांची इथली परीक्षा दिली, परवाना काढला, पीजीवाय-१ आणि त्यानंतर ॲम-केअरची पीजीवाय-२ पूर्ण केली. आता क्लिनिकमध्ये काम करते आणि दर हिवाळ्यात मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. दोन्ही बाजूंनी जे पाहिलं ते इथे क्रमाने लिहिते.

१. हे काम नेमकं काय आहे, ते आधी समजून घ्या

ॲम्ब्युलेटरी केअर म्हणजे आपल्या भाषेत ओपीडी. रुग्ण चालत येतो, उपचार घेतो, घरी जातो. फार्मासिस्ट मात्र औषधं देण्याच्या खिडकीमागे नसतो. त्याची स्वतःची तपासणीची खोली असते, स्वतःच्या अपॉइंटमेंट असतात, समोर रक्तदाबाचं यंत्र आणि रुग्णाची फाइल असते. निदान डॉक्टरांनी केलेलं असतं. त्यानंतर मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हार्ट फेल्युअर, दमा, रक्त पातळ करणारी औषधं, तंबाखू सोडवणं या सगळ्यात औषध सुरू करणं, डोस वाढवणं, तपासण्या मागवणं हे फार्मासिस्ट करतो. त्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार असतो, त्याला कोलॅबोरेटिव्ह प्रॅक्टिस ॲग्रीमेंट म्हणतात. त्या करारात काय बसतं ते प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो.

ही कल्पना आजची नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल शहराने १९९६ मध्ये आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना फार्मासिस्टशी जोडून दिलं होतं आणि तो प्रयोग आजही शिकवला जातो. माजी सैनिकांच्या व्हीए रुग्णालयांमध्ये तर असे फार्मासिस्ट प्राथमिक उपचारांच्या टीममध्ये कायमचे बसतात.

पीजीवाय-१ हे सर्वसाधारण प्रशिक्षणाचं वर्ष, पीजीवाय-२ एका शाखेचं. दोन्ही साधारण १२ महिन्यांची, बहुधा जुलैपासून सुरू होणारी. त्यांना मान्यता देण्याचं काम एएसएचपी ही संस्था करते.

वॉर्डातल्या कामापेक्षा इथे एक गोष्ट मुळातून वेगळी आहे: रुग्ण परत येतो. तुम्ही घेतलेला निर्णय त्याच्याबरोबर परत येतो. पीजीवाय-२ च्या दुसऱ्या महिन्यात वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) क्लिनिकमध्ये सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आले. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, २ ते ३ मध्ये हवा होता, यंत्रावर ४.६ आला. रक्तस्राव कुठे नाही, हिरड्या ठीक, शौचाचा रंग नेहमीचा. "नवीन औषध काही?" "नाही." खाण्यात बदल? तोही नाही. मी एक डोस थांबवला आणि आठवड्याचा एकूण डोस दहा टक्क्यांनी उतरवला. पुढच्या भेटीत आयएनआर १.६, म्हणजे आता गुठळीची भीती. त्या दिवशी त्यांची बायको बरोबर होती. तिने पर्समधून रिकामी बाटली काढली: लघवीच्या संसर्गासाठी अर्जंट केअरमधून (अपॉइंटमेंटशिवाय चालणारा दवाखाना) मिळालेलं प्रतिजैविक, ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल. वॉर्फरिनचा परिणाम वाढवणाऱ्या औषधांत हे अगदी वरच्या क्रमांकाचं. कोर्स पहिल्या भेटीच्या दोन दिवस आधी संपला होता, त्यामुळे आजोबांच्या लेखी ते 'औषध' उरलंच नव्हतं. आयएनआर चढला तो तात्पुरत्या कारणाने आणि मी डोस उतरवला कायमचा.

तेव्हापासून मी "नवीन औषध?" एवढ्यावर थांबत नाही. "गेल्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे, अर्जंट केअरला, दातांच्या दवाखान्यात जाणं झालं का?" असं विचारते. तेच आजोबा पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर बसले, म्हणून हे शिकता आलं. वॉर्डात ते डिस्चार्ज होऊन गेले असते आणि माझी चूक मला कधी कळलीच नसती. प्रोग्रॅम निवडताना, मुलाखतीत, वर्ष सुरू झाल्यावरही हीच कसोटी लावा: तोच रुग्ण मला पुन्हा भेटेल का?

२. पात्रता: भारतात शिकलेल्यांनी इथे जरा थांबावं

अमेरिकेत फार्म.डी. केलेल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. बाकीच्यांसाठी नियम असा: मान्यताप्राप्त अमेरिकी फार्म.डी. नसेल, तर एनएबीपी (राज्यांच्या फार्मसी बोर्डांची संघटना) या संस्थेचं एफपीजीईसी, म्हणजे परदेशी पदवीधरांसाठीचं, प्रमाणपत्र हवं. ते असेल तरच रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांची पसंतीनुसार जोडणी होते त्यात, उतरता येतं.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा सापळा अभ्यासक्रमाच्या वर्षांचा आहे. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. त्यावर एम.फार्म. केलं म्हणून मूळ पदवी पाच वर्षांची होत नाही. भारतातलं सहा वर्षांचं फार्म.डी., जे २००८ पासून सुरू झालं, या अटीत बसतं. बी.फार्म. वाल्यांसाठी इथल्या कॉलेजात फार्म.डी. करणं हा सरळ रस्ता उरतो. क्लासवाले आणि एजंट "होऊन जाईल" म्हणतात, त्यांच्याकडे पैसे भरण्याआधी एनएबीपीचे नियम स्वतः वाचा.

क्रम असा लागतो: शिक्षणाची छाननी, एफपीजीईई ही २०० प्रश्नांची परीक्षा, टोफेल, मग प्रमाणपत्र. टोफेलमध्ये बोलण्याचा भाग सर्वांत जड जातो. माझ्या वेळी त्यात ३० पैकी २६ लागायचे आणि माझ्या ओळखीतली हुशार मुलं एकेका गुणाने तीन-तीनदा अडकली. प्रमाणपत्र मिळालं की राज्याचा इंटर्न परवाना, ठरावीक तासांची इंटर्नशिप, नॅपलेक्स ही परवान्याची परीक्षा आणि औषध कायद्याची परीक्षा. तास किती लागतात ते राज्यागणिक बदलतं, बऱ्याच राज्यांत १,५०० आहेत.

परवान्याला वेळेची मर्यादा असते. पीजीवाय-१ सुरू झाल्यापासून १२० दिवसांच्या आत परवाना हातात हवा, आणि वर्षाचा किमान दोन तृतीयांश काळ परवानाधारक म्हणून पूर्ण व्हायला हवा. पीजीवाय-२ साठी दुसऱ्या राज्यात जाणार असाल, तर तिथला परवाना आणि तिथल्या कायद्याची परीक्षा वेगळी. मार्चमध्ये मॅच झाल्या झाल्या त्या राज्याच्या बोर्डाचा अर्ज भरा. मी मे महिन्यापर्यंत थांबले आणि पहिले तीन आठवडे क्लिनिकमध्ये नुसती बघत बसले.

३. व्हिसा: प्रोग्रॅम शोधण्याच्याही आधी

एफ-१ व्हिसावर इथे फार्म.डी. केलेल्यांना शिक्षणानंतर १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे काम करायची परवानगी, मिळते. फार्म.डी.ला स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक पदव्यांना मिळणारी) मुदतवाढ नाही. म्हणजे ओपीटी पीजीवाय-१ मध्येच संपते आणि पीजीवाय-२ साठी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागतो. लॉटरीतला एच-१बी १ ऑक्टोबरपासून लागू होतो, रेसिडेन्सी जुलैत सुरू होते. या तीन महिन्यांचं काय होणार, ते आधीच विचारून घ्या.

यातून वाट निघते ती विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयांमुळे. त्यांना लॉटरीची अट नाही, ती वर्षभर कधीही अर्ज करू शकतात. पण करू शकतात म्हणजे करतातच असं नाही. बहुतेक प्रोग्रॅम व्हिसा देत नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या व्यक्तीसाठी भरायच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरची रक्कम लागू झाल्यावर भारतातून थेट येणाऱ्यांची वाट आणखी अरुंद झाली. व्हीएच्या जागांसाठी साधारणपणे अमेरिकी नागरिकत्व मागतात.

म्हणून प्रोग्रॅमच्या संचालकांना दोन ओळींचा सरळ ईमेल टाका: माझा व्हिसा हा, अमुक तारखेपर्यंत वैध, तुमची संस्था एच-१बी देते का? हा प्रश्न विचारल्याने वाईट मत होत नाही. मुलाखत होऊन गेल्यावर विचारलात तर मात्र दोघांचाही वेळ वाया जातो. आणि स्वतःच्या कागदांसाठी एकदा इमिग्रेशन वकिलाकडे जाऊन या. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सल्ल्यावर वर्ष पणाला लावू नका.

४. कागदपत्रं

एक फोल्डर आजच करा आणि त्यात हे सगळं ठेवा:

- पदवी आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, विद्यापीठाकडून सीलबंद येणारे ट्रान्सक्रिप्ट
- महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची, किंवा तुमच्या राज्याच्या कौन्सिलची, नोंदणी
- एफपीजीईसी प्रमाणपत्र, टोफेलचा निकाल
- परवाना किंवा इंटर्न परवाना, नॅपलेक्सचा निकाल
- पीजीवाय-१ चं रुजू झाल्याचं पत्र आणि, वर्षअखेरीस, पूर्णत्वाचं प्रमाणपत्र
- सीव्ही, प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळं लेटर ऑफ इंटेंट
- तीन शिफारसकर्त्यांची नावं आणि त्यांचे कामाचे ईमेल
- पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद)
- लसीकरण आणि क्षयरोग तपासणीचे कागद, बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं) कार्ड

यातली सर्वांत मोठी डोकेदुखी ठरते नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेजारी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसरीच तऱ्हा. इथल्या यंत्रणेला 'वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून' ही पद्धत ठाऊक नाही. माझं वडिलांचं नाव एका ठिकाणी माझं पहिलं नाव म्हणून नोंदलं गेलं आणि ते सुधारायला दोन महिने गेले. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न बदलता, प्रत्येक फॉर्ममध्ये लिहा. जुन्या कागदांवर वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात घरचं कुणीतरी प्रत्यक्ष जाणारं असेल तर काम लवकर होतं, आणि लिफाफ्याच्या जोडावर शिक्का पडलाय का ते त्याला तिथेच तपासायला सांगा.

५. पीजीवाय-१ चे पहिले सहा महिने

जुलैत रोटेशनचं, म्हणजे आळीपाळीने कुठल्या विभागात काम करायचं त्याचं, वेळापत्रक ठरतं. तेव्हाच संचालकांना सांगा: मला ॲम-केअरचं रोटेशन ऑक्टोबरच्या आत हवं. कारण पीजीवाय-२ च्या अर्जाला ॲम-केअरमध्ये तुमचं काम पाहिलेल्या माणसाचं शिफारसपत्र लागतं, आणि ते रोटेशन फेब्रुवारीत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा.

पुढच्या तारखा साधारण अशा पडतात. ज्या संस्थेत पीजीवाय-१ करताय तिथेच ॲम-केअरची पीजीवाय-२ असेल, तर 'अर्ली कमिटमेंट'ने मॅचच्या आधीच जागा पक्की करता येते. त्याची मुदत डिसेंबरमध्ये संपते. नोव्हेंबरमध्ये फोरकास हे अर्जाचं पोर्टल उघडतं. डिसेंबरच्या सुरुवातीला एएसएचपीचं मिडइयर संमेलन असतं. अर्जांच्या अंतिम तारखा डिसेंबरअखेर ते जानेवारी, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, रँक लिस्ट (पसंतीक्रमाची यादी) मार्चच्या सुरुवातीला, निकाल मार्चच्या मध्यावर. जागा उरल्या तर दुसरी फेरी एप्रिलपर्यंत चालते.

व्हिसावर असणाऱ्यांनी अर्ली कमिटमेंटचा विचार मनापासून करावा. ती संस्था तुम्हाला ओळखते आणि तिच्या कायदा विभागाने तुमचे कागद एकदा पाहिलेले असतात. पण घाबरून होकार देऊ नका. तिथलं क्लिनिक खरोखर चांगलं आहे का, ते पुढच्या कसोटीवर घासून बघा.

६. प्रोग्रॅम निवडताना काय बघायचं

एएसएचपीच्या यादीत सगळे प्रोग्रॅम सापडतात. नावाजलेलं विद्यापीठ म्हणजे चांगलं प्रशिक्षण, असा आपल्याकडचा हिशेब इथे लावू नका. वस्तीतल्या साध्या सामुदायिक आरोग्य केंद्रात, जिथे निम्म्या रुग्णांकडे विमा नाही, तिथला रेसिडेंट सहा महिन्यांत जे शिकतो ते मोठ्या इमारतीत डॉक्टरांच्या मागे उभं राहून शिकता येत नाही.

मी उमेदवारांना हे विचारायला सांगते, आणि शक्यतो सध्याच्या रेसिडेंटला एकटं गाठून विचारायला सांगते:

क्लिनिक वर्षभराची आहेत की महिन्या-महिन्याची? प्राथमिक उपचारांचं क्लिनिक बारा महिने, दर आठवड्याला त्याच दिवशी असेल, तर तुमचे रुग्ण तुमचे होतात. दर चार आठवड्यांनी जागा बदलत असेल, तर इन्सुलिनचा डोस तुम्ही वाढवणार आणि त्याचा परिणाम दुसरा कुणीतरी बघणार.

करारात रेसिडेंटचं नाव केव्हा घालतात? काही ठिकाणी सहा आठवड्यांत, काही ठिकाणी वर्षभर प्रत्येक बदलासाठी डॉक्टरांचं दार वाजवावं लागतं. दुसऱ्या प्रकारात सवय लागते ती विचारण्याची, ठरवण्याची लागत नाही.

अर्ध्या दिवसात किती रुग्ण? दोन असतील तर कंटाळा, दहा असतील तर नुसती धावपळ. सुरुवातीला चार आणि वर्षाच्या शेवटी सहा-सात हे मला योग्य वाटतं.

गेल्या तीन वर्षांचे रेसिडेंट आज कुठे आहेत? उत्तर चटकन आलं नाही तर सावध व्हा.

आणि फार्मासिस्टच्या पगाराचे पैसे क्लिनिक कुठून आणतं? हा प्रश्न उमेदवार विचारत नाहीत, विचारायला हवा. मेडिकेअर पार्ट बी (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा ओपीडीचा भाग) फार्मासिस्टला स्वतंत्र उपचारकर्ता मानत नाही. त्यामुळे बिल बहुतेकदा डॉक्टरांच्या नावाखाली, अगदी खालच्या दराचं जातं. मग क्लिनिक टिकतं ते गुणवत्तेच्या आकड्यांवर: एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ९ च्या वर असलेले रुग्ण किती घटले, रक्तदाब १४०/९० च्या खाली किती जणांचा आला. ज्या संचालकांना याचं उत्तर नीट देता येतं, तिथे तुम्हाला नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखं काही शिकायला मिळेल.

७. अर्ज

सीव्हीवर पानं भरू नका. कॉलेजातल्या पोस्टर स्पर्धा एका ओळीत उरका. तुम्ही स्वतः रुग्ण पाहिलेली कामं वर घ्या. भारतातल्या फार्म.डी.मध्ये वॉर्डात केलेलं काम इथल्या वाचकाला कळत नाही, तेव्हा 'क्लार्कशिप' एवढंच लिहून सोडू नका. कुठल्या विभागात, किती खाटा, रोज काय करत होता, हे दोन ओळींत सांगा. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीच्या ओपीडीत काम केलं असेल तर ते तुमचं बळ आहे, लपवू नका.

लेटर ऑफ इंटेंट एका पानाचं. त्यात 'मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची होती' ही सुरुवात मी इतक्यांदा वाचली आहे की डोळे आपोआप पुढच्या परिच्छेदावर जातात. एक रुग्ण सांगा: काय पाहिलं, काय केलं, पुढच्या भेटीत काय झालं. नाव-गाव, ओळख पटेल असं काहीही लिहू नका. मग त्याच प्रोग्रॅममधलं कोणतं क्लिनिक तुम्हाला हवं आहे आणि का, ते लिहा. दुसऱ्या प्रोग्रॅमचं नाव चुकून राहिलेली पत्रं दरवर्षी येतात. पाठवण्याआधी मोठ्याने वाचा.

शिफारसकर्त्याला फोरकासवर ठरावीक फॉर्म भरायचा असतो. त्यात वेळेचं भान, लेखन, स्वतंत्रपणे काम करण्याची कुवत अशा मुद्द्यांवर मत मागतात. "शिफारस द्याल का?" ऐवजी "माझ्या क्लिनिकमधल्या कामावर मनापासून चांगलं लिहू शकाल का?" असं विचारा. कुणी अडखळलं तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. आपल्याला सरांना असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. इथे ते तसं मानत नाहीत.

८. मुलाखत

दिवसभर चालते, ऑनलाइन असली तरी. बहुतेक ठिकाणी वीस-तीस मिनिटांचं सादरीकरण असतं आणि एक केस देतात: अर्ध्या तासात रुग्णाची माहिती वाचा, सोप नोट (तक्रार, तपासणी, निष्कर्ष आणि पुढचा बेत अशी नोंद) लिहा, मग सांगा. केसमध्ये नऊ अडचणी असतील तर नऊही सोडवू नका. आज कोणती धरणार, कोणती पुढच्या भेटीला ठेवणार आणि ती भेट कधी, ते सांगा. "दोन आठवड्यांनी फोन, महिन्याने भेट, तेव्हा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघेन" असं म्हणणारा उमेदवार आमच्या लक्षात राहतो.

एखादा अभ्यास विचारला तर तो खरंच वाचलेला हवा. लॉस एंजेलिसचा २०१८ चा सलूनमधला अभ्यास तयार ठेवा: ५२ न्हाव्यांची दुकानं, ३१९ कृष्णवर्णीय पुरुष, फार्मासिस्ट थेट दुकानात जाऊन औषधं देत होते. सहा महिन्यांत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी २७ ने उतरला, तुलनेच्या गटात साधारण ९ ने. आपल्या कामावर विश्वास बसावा असे आकडे आहेत. पण त्याच्या मर्यादाही सांगता यायला हव्यात.

चूक कधी केलीत, हा प्रश्न येतोच. खरी सांगा. "मी फार परिपूर्णतावादी आहे" हे उत्तर देऊ नका.

९. रँक लिस्ट

जिथे जायचं आहे ते पहिलं लिहा, बस. 'ते मला कितव्या क्रमांकावर ठेवतील' हा विचार करून यादी फिरवण्यात काही हाती लागत नाही, कारण जोडणी उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. जिथे अजिबात जायचं नाही ते यादीत घालूच नका. मॅच बंधनकारक आहे.

१०. वर्ष सुरू झालं की

पगार पूर्ण फार्मासिस्टच्या निम्म्याहून कमी असतो. कामाची मर्यादा चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० तास, आणि बाहेर जादा काम केलंत तर तेही यात मोजतात. संशोधन प्रकल्पाला रुग्णांची माहिती वापरायला समितीची मंजुरी लागते. जुलैत विषय ठरवला नाहीत तर ती ऑक्टोबरपर्यंत येत नाही आणि वसंतातल्या परिषदेला दाखवायला आकडे उरत नाहीत. लहान विषय घ्या. तुमच्याच क्लिनिकचा घ्या.

मूल्यमापनात 'समाधानकारक प्रगती' असा शेरा पाहून आपल्याकडची मुलं हिरमुसतात, कारण आपण पहिल्या वर्गाला सरावलेले. पहिल्या तिमाहीत तो शेरा अगदी योग्य असतो. 'सुधारणा हवी' आलं तर मात्र त्याच आठवड्यात प्रिसेप्टरशी, म्हणजे तुम्हाला शिकवणाऱ्या फार्मासिस्टशी, बसा.

प्रिसेप्टरला पहिल्या नावाने हाक मारायची असते. सुरुवातीला जीभ वळत नाही, वळवा. आणि मान डोलावू नका. आपली मान 'कळतंय' म्हणते, त्यांना कधी 'हो' वाटतं, कधी 'नाही'. न कळलेलं न कळलं म्हणून सांगा.

आता सर्वांत महत्त्वाचं, रुग्णाशी बोलणं. मराठी किंवा हिंदी बोलणारा रुग्ण आला की सगळे तुमच्याकडे बघतील. हॉस्पिटलची भाषा-परीक्षा दिलेली नसेल तर नमस्कार-चमत्कार करा आणि उपचाराचं बोलणं अधिकृत दुभाष्यामार्फतच करा. घरच्यांना दुभाषी करू नका. याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलाकडे राहणाऱ्या एका आजी क्लिनिकमध्ये यायच्या. दर वेळी मुलगा बोलायचा, "हो, इन्सुलिन रोज घेते, फ्रीजमध्येच ठेवते." साखर हलत नव्हती आणि डोस चढत चढत २० युनिटवरून ३४ वर गेला होता. मी परीक्षा पास झाल्यावर त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. मी विचारलं, "आजी, पेन ठेवता कुठे, मला दाखवल्यासारखं सांगा बरं." आजींनी हाताने कप्पा उघडल्याची खूण केली. "वरच्या खणात गं, मटारच्या पिशवीशेजारी. सकाळी बाहेर काढते, वितळलं की टोचते." इन्सुलिन एकदा गोठलं की फेकून द्यायचं असतं. मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याच्या लेखी फ्रीजर म्हणजे फ्रीजच.

नवीन पेन दिलं, पण ३४ युनिटवर नाही. चांगल्या इन्सुलिनने त्या डोसला साखर धोकादायक उतरवली असती. पुन्हा २० वरून सुरुवात केली आणि तीन दिवसांनी फोन केला. "समजलं का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. "आता तुम्ही मला करून दाखवा" म्हणा. पेनची सुई लावताना, आधी दोन युनिट हवेत सोडताना, पोटावर त्याच जागी टोचून गाठ झालीय का ते बघताना, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

११. बीसीएसीपी

ही ॲम-केअरची बोर्ड परीक्षा. शाखेला मान्यता २००९ ची, पहिली परीक्षा २०११ ची. पीजीवाय-२ पूर्ण केलेल्यांना अनुभवाची आणखी वर्षं भरावी लागत नाहीत. वर्ष संपल्यावर येणारी पहिलीच संधी घ्या. नोकरीत रुळलात की अभ्यास मागे पडतो. संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष करू नका.

१२. जूनमधलं शेवटचं काम

रेसिडेन्सी संपायच्या आधी तुमचे रुग्ण पुढच्या रेसिडेंटला सोपवायचे असतात. बहुतेक जण औषधांची यादी आणि शेवटचे रिपोर्ट जोडून मोकळे होतात. ते फाइलमध्ये असतंच. मेच्या मध्यापासून प्रत्येक भेटीत रुग्णाला सांगायला लागा की जुलैत दुसरं माणूस असेल. काही जण त्यामुळेच यायचे थांबतात, त्यांची पुढची अपॉइंटमेंट तिथल्या तिथे ठरवा. आणि सुरक्षित नोंदीत प्रत्येकासाठी फाइलमध्ये नसलेली एकेक ओळ लिहा: 'बसने येतात, सकाळी नऊची वेळ देऊ नये.' 'एकादशीला उपास असतो, त्या दिवशीच्या गोळ्यांचं आधी बोलावं.' वॉर्फरिनवाल्या आजोबांसमोर मी लिहिलं, 'मिलिग्रॅम सांगता येत नाहीत. गोळीचा रंग विचारा: फिकट नारिंगी ५ ची, हिरवी अडीचची. आणि बायकोला आत बोलवा.'